मनातला प्राणी चार पायांवर उभा कसा राहतो?

"हा काय खाते, काका?"

शेजारची आठवीतली मुलगी गच्चीवर आली आणि पाटाजवळ उकिडवी बसून तिनं हेच विचारलं. पाटावर वीतभर उंचीचा, अर्धा घडलेला मातीचा प्राणी होता. अस्वलासारखे पंजे, सशासारखे उभे कान, पाठीवर सागाच्या वाळक्या पानांसारखे खवले. असा प्राणी कुठल्या जंगलात नाही आणि कुठल्या पोथीतही नाही, तो माझ्या वहीत जन्मला. मोठी माणसं त्याच्याकडे बघून "हे काय आहे?" असं विचारतात. तिनं तो आहे हे मान्यच करून टाकलं आणि थेट त्याच्या पोटापाण्याची चौकशी केली.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंजे छान दिसतात म्हणून केले होते. त्या दिवशी मातीवर ओलं फडकं टाकलं आणि पुढचे आठ दिवस फक्त त्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. तो प्राणी खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं, की २०२५ मध्ये दोन गोष्टी घरोघरी पोचल्या. एक लाबुबू. हाँगकाँगमध्ये जन्मलेले चित्रकार कासिंग लुंग यांनी २०१५ साली आपल्या चित्रकथांसाठी काढलेलं हे मोठ्या डोळ्यांचं, टोकदार दातांचं पात्र. त्याची बाहुली पर्सला लटकवायला मिळावी म्हणून लोक जगभर रांगा लावू लागले. दुसरी गोष्ट फोनमधली. आपला फोटो दिला की टेबलावर ठेवलेल्या छोट्या मूर्तीसारखं चित्र मिनिटात तयार. तेव्हापासून मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. एवढ्याशा राक्षसात लोकांना एवढं काय दिसतं? आणि फोन हे करत असेल तर माणसानं महिनामहिना माती कशाला मळायची?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच जागी सापडतं. जगात नसलेला जीव आपल्या डोळ्यांना पटतो तो त्याच्या आत दडलेल्या गोष्टींमुळे: हाडं, वजन, भूक, सवयी. त्या कशा घालायच्या, ते आता बघू.

नवीन म्हणजे किती नवीन?

नागपूरकराला नसलेले जीव घडवण्याची ही कला परकी वाटायचं काही कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकीकडे लेकरं लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा साजरा करत असतात आणि दुसरीकडे इतवारी-महालाच्या रस्त्यांवर मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. कामट्या, कागद, कापड यांची ती अवाढव्य बाई गर्दीच्या डोक्यांवरून डुलत येते आणि सगळा रस्ता ओरडतो, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" तिच्यासोबत बडगे असतात, ते मात्र दरवर्षी नवे. त्या वर्षी लोकांना जे खुपतं त्याला नाक, डोळे, पोट देऊन रस्त्यावर आणलं जातं. महागाईचा चेहरा कसा असेल? भ्रष्टाचाराची ढेरी केवढी असेल? हे प्रश्न सोडवणारा कारागीर पात्ररचनाच करत असतो, भले तो तसा शब्द वापरत नसेल.

त्याच्या अडचणीही बघा. बडगा लांबून, गर्दीच्या वरून दिसायला हवा, म्हणून डोळे आणि दात मोठे. मिरवत न्यायचा, म्हणून हलका. संध्याकाळी जाळायचा, म्हणून स्वस्त आणि पेटणाऱ्या वस्तूंचा. त्याचं रूप त्याच्या कामातून ठरतं.

थोडं मागं जाऊ. रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातला, म्हणजे पाचव्या शतकातला केवल नरसिंह आहे. माणसाचं धड आणि सिंहाचं डोकं. गडावर गेलात तर दर्शन झाल्यावर थोडा वेळ मानेकडे बघा. दोन वेगळ्या प्राण्यांना जोडताना सगळ्यात अवघड जागा असते सांध्याची. सिंहाची मान जाड आणि आडवी पुढं येणारी, माणसाची बारीक आणि उभी. नरसिंह घडवणाऱ्या मूर्तिकारांना उत्तर सापडलं आयाळीत. आयाळ खांद्यांवर उतरते आणि सिंह कुठं संपला, माणूस कुठं सुरू झाला ते कळतच नाही. मी माझ्या प्राण्याचे कान बसवताना हीच युक्ती उचलली, कानांच्या बुडाशी केसांचा झुपका दिला.

दोन डोक्यांचा पक्षी गंडभेरुंड, किल्ल्यांच्या दरवाजांवरचा सिंहासारखा शरभ, देवळांच्या पन्हाळीवरचा मगरीसारखा मकर, चंद्रपूरच्या गोंडकालीन वेशींवरचा हत्तीवर चढलेला सिंह, हे सगळे असेच जोडून घडलेले जीव. पूर्णपणे न पाहिलेलं काही माणसाला सुचतच नाही. नवेपणा असतो तो जोडण्यात आणि त्या जोडण्यामागच्या कारणात.

गाईचा गुडघा उलटा नसतो

आता हाडांकडे येऊ. नवा प्राणी करायला बसलेल्या बहुतेकांचं गणित मागच्या पायांवर बिघडतं.

गाय उभी असताना तिच्या मागच्या पायाकडे बघा. पायाच्या मधोमध एक सांधा मागं वळलेला दिसतो आणि आपण समजतो की गाईचा गुडघा उलटा आहे. तो गुडघा नाहीच. ती तिची टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ, कातडीच्या घडीत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढं वाकतो. गाय नखांच्या टोकांवर उभी असते, खूर म्हणजे तिची नखंच. कुत्रा बोटांवर उभा राहतो, टाच त्याचीही हवेत. अस्वल मात्र माणसासारखी टाच टेकवून चालतं, म्हणून ते दोन पायांवर उभं राहिलं की अंगावर येतं, माणूस उभा राहिल्यासारखं वाटतं.

हे एकदा कळलं की हातातल्या मातीत फरक पडतो. तुमचा प्राणी धावणारा असेल तर टाच वर उचला. रेंगाळणारा, खणणारा, वजन पेलणारा असेल तर टाच जमिनीवर ठेवा. बघणाऱ्याला शरीरशास्त्र येत नसतं, पण त्यानं जन्मभर कुत्री-गाई पाहिलेल्या असतात. चूक कुठं आहे ते त्याला सांगता येत नाही, चूक आहे हे मात्र लगेच जाणवतं.

पंखांचंही तसंच. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात, लांब वाढलेल्या बोटांमध्ये ताणलेलं कातडं. पक्ष्याचा पंखही हातच. म्हणजे चार पाय आणि वर दोन पंख असलेल्या प्राण्याला सहा अवयव झाले. करा हरकत नाही, पण मग पंखांना वेगळा खांदा लागेल, त्या खांद्याला हलवणारे स्नायू लागतील आणि त्या स्नायूंना छातीवर जागा लागेल. ती जागा दिली की पंख अंगातून उगवल्यासारखे दिसतात. नाही दिली तर चिकटवल्यासारखे.

दुसरा नियम आकाराचा. समजा एक प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा केला. त्याची हाडं आडवी कापली तर तो काप चौपट भरेल, पण प्राण्याचं वजन आठपट होईल. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या, दोन गुणिले दोन गुणिले दोन. म्हणजे चौपट ताकदीच्या पायांवर आठपट ओझं आलं. म्हणूनच चितळाचे पाय काटक्यांसारखे चालतात आणि हत्तीला खांब लागतात. एखादा राक्षस मोठा वाटत नसेल तर त्याची उंची वाढवून उपयोग होत नाही. पाय जाड करा, डोकं लहान करा, चाल जड करा.

डोळ्यांबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण आपण वाघांच्या मुलखात राहतो. वाघ काढताना अनेक जण घरच्या मांजरासारखी उभी फट असलेली बाहुली काढतात. वाघाच्या डोळ्याची बाहुली गोल असते. शिकाऱ्याचे दोन्ही डोळे समोर असतात, कारण अंतराचा अंदाज लागतो. ज्याची शिकार होते त्याचे डोळे बाजूंना, कारण चौफेर नजर लागते. डोळे कुठं ठेवलेत यावरून तुमचा प्राणी कुणाला घाबरतो हे बघणाऱ्याला एका क्षणात कळतं.

हा काय खाते?

त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. माझ्या प्राण्याचं नाव पानझड्या. विदर्भातल्या पानझडी जंगलात राहणारा, उन्हाळ्यात जागा असणारा. एवढंच ठरलं होतं.

अस्वलाचा आधार घेतला. आपलं अस्वल वाळवी खातं, वारूळ उकरून सोंडेसारखं तोंड आत घालतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि जोरानं आत ओढतं. त्यासाठी त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नसतातच, ती फट म्हणजे त्याची नळी. उन्हाळ्यात मोहाखाली पडलेली फुलंही खातं. पानझड्याही वाळवी आणि मोहफुलं खातो असं ठरवलं आणि मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. उकरायचं आहे म्हणून पंजे लांब आणि पुढचे खांदे मागच्यापेक्षा भरदार. आत ओढायचं आहे म्हणून ओठ पुढं येणारे, सैल. खाली पडलेलं खायचं म्हणून मान खाली झुकलेली. मेमध्ये पंचेचाळीस अंशांत जगायचं म्हणून कान मोठे आणि पातळ, कारण मोठ्या कानांच्या शिरांतून अंगातली उष्णता बाहेर जाते, वाळवंटातल्या कोल्ह्याचे आणि हत्तीचे कान तेच काम करतात. दिवसा लपायचं म्हणून पाठीवर सागाची पानं.

आधी मी खवले सगळ्या अंगावर केले होते. पण पोट जमिनीला घासत चालणाऱ्याला पोटावर खवले कशाला? काढून टाकले. नुसती सजावट म्हणून आलेल्या गोष्टी अशा गळून पडतात आणि राहतं ते पटतं.

हा टप्पा लोक टाळतात. थेट मातीला हात घालायची घाई असते, मलाही होते. पण वहीची दोन पानं भरा. कुठं झोपतो, कुणाला भितो, पिल्लं पाठीवर नेतो की तोंडात धरून, म्हातारा झाल्यावर त्याचं काय आधी झिजतं. यातलं निम्मं मूर्तीत दिसणारही नाही. तरी हात वेगळा चालतो.

आतला सांगाडा

मातीचा प्राणी स्वतःच्या वजनानं बसतो, म्हणून आत आधार लागतो. या आतल्या आधाराला शिल्पकार आर्मेचर म्हणतात, आपण सांगाडा म्हणू.

तो कसा असावा हे बघायला नागपुरातल्या मूर्तिकारांच्या वस्तीत, चितार ओळीत जा, गणपतीच्या आधी. मोठ्या मूर्तीसाठी लाकडी पट्ट्यांचा उभा-आडवा ढाचा असतो, त्यावर तणीस सुतळीनं करकचून बांधतात आणि मग माती चढते. पहिल्या दिवशी गवताचा गणपती बसलेला दिसतो. डोकं नाही, हात नाहीत, पण पोटाचा भार कुठं आणि कोणत्या बाजूला कल, हे तेव्हाच ठरून गेलेलं असतं.

तणीसच का, याचं कारण मला उशिरा कळलं. माती वाळताना आक्रसते. आत तार असेल तर तार आक्रसत नाही. बाहेरून माती आवळत जाते, आत तार हटून बसते आणि मधल्या मधे माती फाटते. गवत दबतं, मातीला जागा देतं. म्हणून शाडूत काम करायचं असेल तर तारेवर भरपूर सुतळी किंवा कागद गुंडाळा. न आक्रसणाऱ्या मातीत काम करायचं असेल तर ॲल्युमिनियमची तार उत्तम. ती हातानं वळते आणि गंजत नाही. दोन तारा पिळून एक केली तर मातीही घट्ट धरून राहते. धड आणि डोकं यांच्या जागी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून गच्च दाबायची, वजन कमी होतं आणि महागडी माती वाचते.

आणि तार वाकवतानाच प्राणी उभा राहायला हवा. मातीशिवाय, नुसत्या तारांचा तो तोल धरत नसेल, बघणाऱ्याला "हा काहीतरी हुंगतोय" असं वाटत नसेल, तर वर कितीही माती चढवली तरी तो मेलेलाच राहणार.

नागपूरच्या उन्हात माती कोणती?

शाडू स्वस्त, हाताला थंड, पुन्हा भिजवून वापरता येते. सुरुवातीला हीच घ्या. मात्र वाळताना तिचे सगळे भाग सारख्या वेगानं वाळायला हवेत. गेल्या उन्हाळ्यात मी पानझड्याची शेपटी करून कूलरसमोर ठेवली. मला वाटलं, कूलरची हवा दमट, माती जपून वाळेल. पण वारा एकाच बाजूनं लागला. सकाळी शेपटीच्या एका अंगाला केसाएवढी रेघ होती, दुपारी तिच्यात नख जात होतं, संध्याकाळी शेपटी दोन तुकड्यांत. आता मी काम झाकून ठेवतो आणि बारीक भागांना, कान, बोटं, शेपटी यांना, वेगळं प्लास्टिक गुंडाळतो, कारण बारीक भाग जाड भागांच्या आधी वाळतात आणि सांध्यावर तुटतात.

माती भाजून पक्की करायची असेल तर आतून पोकळ करावी लागते आणि सांगाडा काढून घ्यावा लागतो. जाड गोळ्यात ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि वाट न मिळाल्यानं मूर्ती फुटते.

पॉलिमर क्ले हा वेगळा प्रकार. नाव माती, पण ती प्लास्टिक. पीव्हीसीचे बारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं एक द्रव्य यांचा तो लगदा. वाळत नाही, महिनाभर हळूहळू काम करता येतं. बऱ्याच प्रकारांत सुमारे १३० अंशांवर, दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं या हिशेबानं घरच्या ओव्हनमध्ये भाजली की कण एकमेकांना धरतात आणि ती कडक होते. पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा आणि ओव्हनच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवा. जास्त तापली तर काळी पडते आणि तिचा धूर घशाला लागतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. मेमध्ये बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत तिचं पाकीट ठेवलं तर ती न भाजताच ताठरायला लागते आणि मळताना तिचा भुगा होतो.

नखं, दात, शिंगं अशा टोकदार गोष्टींना दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी पुटी, नळाची गळती बुजवायला वापरतात ती, हातमोजे घालून वापरली तर छान काम देते.

आधी डोंगर, मग दगड, मग शेवाळ

लांबून सातपुडा दिसतो तेव्हा आधी डोंगराची रेघ दिसते. जवळ गेलं की दगड, अगदी जवळ गेलं की दगडावरचं शेवाळ. मूर्तीचंही तसंच असतं आणि काम त्याच क्रमानं करायचं. आधी डोकं, छाती, पोट यांचे मोठे गोळे. मग स्नायू, सांधे, घड्या. सगळ्यात शेवटी कातडीचे छेद, सुरकुत्या, खवले.

मी उलटं केलं होतं. खवले करायला मजा येते म्हणून तीन आठवडे रोज रात्री पानामागून पान, त्यांच्या शिरा कोरत बसलो. शंभरावर पानं झाली. मग एकदा वीज गेली. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड मागून पडला आणि भिंतीवर त्याची सावली दिसली. मान नव्हतीच. डोकं खांद्यातून निघालं होतं, सावलीत तो प्राणी न वाटता बोचकं वाटत होतं. पानं चांगली होती, प्रत्येक पान चांगलं होतं, आणि तरी सगळं उतरवावं लागलं. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून सावली हीच माझी पहिली परीक्षा. बारीक काम सुरू करण्याआधी मागून दिवा लावून चारी बाजूंनी सावली बघतो. नुसत्या काळ्या सावलीवरून कुठला प्राणी आणि काय करतोय हे कळलं पाहिजे. ओळखीच्या पात्रांचं तसंच असतं. गणपतीची सावली शेंबडं पोरही ओळखतं.

गोंडस काय, भयंकर काय?

प्राण्याऐवजी माणसासारखं पात्र करायचं असेल तर मोजमापाचं एकक डोकं. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी भरते, वर्षभराच्या बाळाची चार. पात्राचं डोकं मोठं केलं की वय आपोआप कमी दिसतं.

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, फुगीर कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की माणसाला माया वाटते, मग ते बाळ माणसाचं असो की कुत्र्याचं. लाबुबूकडे या नजरेनं बघा. कपाळ आणि डोळे बाळाचे, दात राक्षसाचे. जवळ घ्यावं की हात मागं घ्यावा हे मनाला ठरवता येत नाही, आणि त्या ओढाताणीमुळे नजर तिथंच राहते. बाजारानं त्याचं काय केलं ते सोडा, मूळ चित्रातली ही जोड मला अस्सल वाटते.

उलट धोकाही आहे. जपानचे यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांबद्दल लिहिलं होतं: आकृती माणसाच्या जवळ जाते तशी आवडत जाते, पण अगदी जवळ जाऊन थोडक्यात चुकली की एकदम नकोशी वाटते. नवशिक्यानं केलेला हुबेहूब चेहरा म्हणूनच अंगावर काटा आणतो. चेहरा सरळ व्यंगचित्राकडे न्या, नाक वाढवा, डोळे लहान करा. चूक मग चूक न राहता त्याचा स्वभाव होते.

फोन मिनिटात करतो, मग हातानं कशाला?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. चित्र खरोखर सुंदर येतं.

पण त्या चित्राला पाठ नसते. शेपटी कुठून निघते, पंखाखाली काय आहे, पलीकडचा पाय कुठं टेकलाय, हे ठरलेलंच नसतं. मूर्ती करताना एकही बाजू झाकता येत नाही. आता सगळ्या बाजू असलेलं त्रिमितीय मॉडेल करून देणारी साधनंही आली आहेत, हे खरं. ती जगानं आधी पाहिलेल्या हजारो प्राण्यांच्या धड्यावरून पुढचा प्राणी करतात. त्यात पोटावर खवले असतील तर ते का असावेत हे कुणी कुणाला विचारलेलं नसतं. मला ज्यात रस आहे ते विचारणंच. आठ दिवस वाळवीबद्दल वाचलं तेव्हा मला अस्वल कळलं, आणि ते दुसऱ्या कुणाला माझ्यासाठी करता येणार नव्हतं.

संगणकाशी माझं वैर नाही. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात मातीसारखं ओढून-दाबून शिल्प करता येतं, चूक झाली तर मागं जाता येतं, आणि झालेलं थ्रीडी प्रिंटरवर थराथरानं छापता येतं. एकच जपा. त्यात डावं केलं की उजवं आपोआप होण्याची सोय असते आणि ती शेवटपर्यंत चालू ठेवली की प्राणी आरशातला वाटतो. कुठलाही जिवंत चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो.

झालेल्या मूर्तीच्या प्रती काढायच्या असतील तर साचा लागतो. इडली पात्रातून सुटते कारण वाटी वर पसरट असते. इडलीच्या बुडाला आकडा असता तर ती निघाली असती का? मूर्तीतल्या अशा अडकणाऱ्या जागांना अंडरकट म्हणतात: काखेत, कानामागं, शेपटीखाली. प्लास्टरचा साचा तिथं अडतो, रबरासारखा सिलिकॉनचा ताणून निघतो. काही तेलकट मातींमध्ये गंधक असतं आणि त्यावर ओतलेलं एका प्रकारचं सिलिकॉन घट्टच होत नाही, म्हणून आधी लहान तुकड्यावर करून बघा.

मग हा प्राणी कुणाचा?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती मानली आहे. घडवल्या क्षणापासून हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो कलाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. पण हक्क असतो तो रूपावर. कल्पनेवर कुणाचा नसतो, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. सिंहाचं तोंड असलेला माणूस ही कल्पना सगळ्यांची, तुम्ही घडवलेला तो सिंह तुमचा.

नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, करारात वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचं होतं. ॲनिमेशन किंवा गेमच्या कंपन्यांत दिवसभर दुसऱ्यांचे राक्षस करणारे तरुण रात्री घरी स्वतःचा एखादा प्राणी का करतात, याचं हेही एक कारण. तो पूर्ण त्यांचा असतो. नोकरी मागायला जाताना पहिल्यांदा तोच दाखवला जातो. मात्र फक्त यावर घर चालेल असं मी कुणाला सांगणार नाही. माझं चालत नाही, मी ते त्यावर टाकलेलंही नाही.

चित्रकला येत नसेल तर?

तरी करा. मातीत आडवी-उभी रेघ चुकत नाही, गोळा फिरवून बघता येतो. पहिला प्राणी मुठीत मावेल एवढाच ठेवा, चार पाय, बसलेला, पंख नकोत. बसलेल्या प्राण्याला तोलाची अडचण कमी आणि सांगाडा जवळजवळ लागतच नाही.

त्याआधी दोन रविवार नुसतं बघण्यात घाला. गोरेवाड्याच्या सफारीत अस्वलं आणि वाघ आहेत, पण गाडी पुढं जाते, वही उघडेपर्यंत प्राणी मागं पडतो. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात एका पिंजऱ्यासमोर तासभर उभं राहता येतं. तेही जमलं नाही तर गल्लीतलं कुत्रं दुपारी सावलीला येऊन पडतं, त्याच्याजवळ बसा. ते उठताना आधी पुढचे पाय ताणतं की मागचे, कोणत्या पायावर भार घेतं, मान कधी वर येते, टाच कुठं असते, हे पाच वेळा बघा आणि पाच वेळा काढा. मग तारेचा तुकडा घ्या आणि तो नुकताच उठतोय अशी पाठ वाकवून बघा.